पिल्लाचे दात, घराची शिस्त

पिल्लू चावते, हाती लागेल ते कुरतडते आणि माणूस दिसला की अंगावर उड्या मारून धुडगूस घालते, ही घरगुती श्वानपालनातील नेहमीची तक्रार आहे. तिच्यावर सुचवल्या जाणाऱ्या उपायांत मात्र एकवाक्यता आढळत नाही. 'नाकावर चापट मारा, धाक बसला पाहिजे' हा पिढीजात सल्ला एकीकडे आहे, 'मोठे झाले की आपोआप सुटेल' ही स्वस्थता दुसरीकडे आहे, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून येणाऱ्या, परस्परांना छेद देणाऱ्या युक्त्यांची त्यात अलीकडे भर पडली आहे. या प्रश्नाचा आढावा घेताना प्राणिवर्तनाच्या अभ्यासातून काय हाती लागले, गावाकडच्या जुन्या व्यवस्थेत हा प्रश्न फारसा का उद्भवत नसे, आणि नांदेड-लातूरच्या बंदिस्त घरांत तो इतका का चिघळतो, हे एकत्र पाहावे लागते. तसे पाहिल्यावर असे दिसते, की चावण्याचे खापर पिल्लाच्या स्वभावावर किंवा जातीवर फोडले जात असले तरी त्यातला बराचसा भाग केवळ वयाचा असतो, आणि उरलेला माणसांच्या दोन घाईंचा व एका आळसाचा असतो: पिल्लू आईपासून तोडण्याची घाई, त्याला शिक्षा करण्याची घाई आणि साखळीला बांधून मोकळे होण्याचा आळस.

वयाचा भाग आधी पाहणे सोयीचे आहे. पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दात नसतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात दिसू लागतात आणि दोन महिन्यांच्या आत ते २८ होतात. हे दात सुईसारखे अणकुचीदार असतात, पण जबड्यात त्या मानाने ताकद नसते, म्हणून पिल्लाचा चावा झोंबतो खूप आणि खोल जातो कमी. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे दात पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या मधल्या काळात हिरड्या सुजतात, दात शिवशिवतात आणि कुरतडण्याला ऊत येतो. फरशीवर पडलेला इवलासा दात किंवा चघळलेल्या चिंधीवरचा रक्ताचा ठिपका पाहून घरचे घाबरतात, पण त्यात काळजीचे कारण नसते. नवा सुळा आला तरी जुना पडत नसेल, तर मात्र पशुवैद्यकाला दाखवावे.

दातांपेक्षाही महत्त्वाची गोष्ट आहे ती दात किती जोराने लावायचे हे शिकण्याची. याला चाव्यावरचा ताबा म्हणता येईल. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून भावंडे एकमेकांचे कान, मान, शेपटी तोंडात धरून झोंबाझोंबी करतात. एखाद्याने जोराने चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो, आईला दुखले की ती उठून जाते किंवा गुरगुरून पिल्लाला बाजूला सारते. असा प्रसंग दिवसातून अनेकदा घडतो आणि त्यातून पिल्लाला उमगते, की दात जपून लावले तर खेळ चालू राहतो. ब्रिटिश-अमेरिकन पशुवैद्यक इयन डनबार यांनी या शिकवणुकीला घरगुती प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. चावणे पूर्ण बंद करण्यापूर्वी चाव्याचा जोर कमी करावा, कारण जोरावर ताबा मिळवलेले कुत्रे पुढे कधी भीतीने वा वेदनेने चावलेच तरी जखम हलकी राहते, असा त्यांचा आग्रह आहे. हे तर्काला पटणारे असले तरी प्रयोगांनी भक्कम सिद्ध झालेले आहे असे म्हणता येत नाही. त्यांच्या नावावर खपणारा 'पिल्लू चावले की कुत्र्यासारखे केकाटा' हा सल्ला तर अर्धाच खरा आहे. काही पिल्ले त्या आवाजाने थबकतात, काहींना मात्र तो आवाज म्हणजे खेळ रंगल्याची खूण वाटते आणि ती दुप्पट जोराने तुटून पडतात. आपले पिल्लू कोणत्या प्रकारचे आहे हे दोन-तीन वेळात कळते. दुसऱ्या प्रकारचे असेल तर केकाटण्याचा नाद सोडावा.

भावंडांच्या या शाळेतून पिल्लू केव्हा उचलले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे केलेले काम १९६५मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा सामाजिकीकरणाचा, म्हणजे आपले कोण, परके कोण आणि कशाला भ्यायचे हे ठरण्याचा काळ असतो, ही कल्पना त्या ग्रंथामुळे रुजली. इटलीतील एका अभ्यासात, जो २०११मध्ये प्रसिद्ध झाला, ३० ते ४० दिवसांच्या वयात आईपासून तोडलेली ७० कुत्री आणि दोन महिन्यांच्या वयात तोडलेली ७० कुत्री यांच्या मालकांची उत्तरे ताडून पाहिली गेली. लवकर तोडलेल्या गटात वस्तूंची नासधूस, अति भुंकणे, भित्रेपणा आणि खेळताना चावणे या तक्रारी अधिक आढळल्या. भारतात तर हा केवळ सल्ल्याचा विषय नाही. श्वान प्रजनन व विक्रीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात दूध चाटू लागलेले, महिन्याचे-सव्वा महिन्याचे पिल्लू 'आता रुळेल' म्हणून उचलून आणण्याची रीत मराठवाड्यात सर्रास दिसते. लहान आणले तर लळा अधिक लागतो अशी समजूत तिच्यामागे असते. लळा लागतोही, परंतु जे काम भावंडांनी महिनाभर फुकटात केले असते ते मग घरातल्या माणसांच्या हातापायांवर येऊन पडते.

याच प्रदेशाला कुत्र्यांची मोठी परंपरा आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. लांब पायांचे, खोल छातीचे आणि आत गेलेल्या पोटाचे कारवानी कुत्रे आणि त्याचाच लांब केसांचा भाऊबंद म्हणावा असा पशमी, हे मराठवाड्याच्या आणि लगतच्या कर्नाटकाच्या पठारावरचे प्राणी आहेत. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवानी पाळणाऱ्यांचे म्हणून ओळखले जाते. सीमेपलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच कुळीला आश्रय दिला आणि म्हणून ते 'मुधोळ' नावानेही प्रसिद्ध झाले. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी काढलेल्या देशी कुत्र्यांवरील चार तिकिटांत मुधोळचे तिकीट होते. हे कुत्रे नाकापेक्षा डोळ्यांवर विसंबून शिकार करते: दूरवर काही हलले की कान टवकारायचे, नजर खिळवायची आणि मग एका झेपेत अंतर तोडायचे. पिल्लाचा धुडगूस म्हणून जे दिसते, ते पुष्कळदा या शिकारीच्या साखळीचेच सुटे तुकडे असतात. धावत्या मुलाच्या पायजम्याला लोंबकळणे हा पाठलागाचा आणि धरण्याचा तुकडा, तर पायपुसणे तोंडात धरून झटकणे, उशी फाडून कापूस उधळणे हा सावज फाडण्याचा तुकडा. सर्वच कुत्र्यांत ही साखळी कमीअधिक असते, कारवानीत तिचा पाठलागाचा दुवा विशेष घट्ट असतो.

गावात या साखळीला वाट होती. धनगराच्या कळपाबरोबर किंवा शेतातल्या आखाड्यावर वाढणारे पिल्लू आईच्या मागे दिवसभर हिंडे, मोठ्या कुत्र्यांची गुरगुर खाई, शेळीने शिंग उगारले की मागे सरे, आणि दमले की बाभळीखाली झोपे. त्याला कोणी 'शिकवत' नसे. मोकळे रान, वडीलधारी कुत्री आणि भरपूर झोप या तिन्ही गोष्टींत शिकवण अंतर्भूत होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्यात कितीतरी पिल्ले आजाराने दगावत आणि लसीचा पत्ता नसे. शिवाय ज्या ससे-हरणांच्या शिकारीसाठी हे कुत्रे घडले, ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गुन्हा ठरली आहे. पण एवढे खरे, की चावरेपणाचा प्रश्न त्या व्यवस्थेने बराचसा गिळून टाकला होता. शहरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणि लोखंडी फाटकामागच्या चार फुटी अंगणात तीच ऊर्जा, तेच दात आणि तीच नजर आली, पण रान, मोठे कुत्रे आणि निवांत झोप मात्र मागे राहिली. गावाकडून एक सवय तेवढी सोबत आली, ती म्हणजे पिल्लाला 'छू' करण्याची. पोरांच्या मागे, कोंबडीच्या मागे, भटक्या कुत्र्याच्या मागे गंमत म्हणून 'छू' म्हणून सोडलेले तीन महिन्यांचे पिल्लू सर्वांना हसवते. तेच पिल्लू वर्षाचे झाल्यावर शाळेच्या सायकलींमागे धावू लागले की ते 'नालायक' ठरते. वास्तविक त्याने धडा चोख पाठ केलेला असतो.

माळेगावची यात्रा या परंपरेचे प्रदर्शनीय रूप आहे. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाच्या नावाने भरणाऱ्या या यात्रेत घोडे, गाढवे, गुरे यांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरते, आणि ज्या देवासोबत कुत्रे असते, ज्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात, त्याच्या दारी ते शोभतेही. अशा ठिकाणी कुत्रे पाहणारा पाय, कंबर, मुस्कट आणि चाल पाहतो. पिल्लू घेणारा कान आणि पंजे पाहून पुढे किती वाढेल याचा अंदाज बांधतो. पिल्लाची आई परक्या माणसाशी कशी वागते हे पाहणारा विरळाच, आणि घरात ठेवायच्या पिल्लाच्या बाबतीत या सर्वांत तीच गोष्ट आधी पाहण्याजोगी आहे. भित्री किंवा अंगावर येणारी आई आपला स्वभाव रक्तातूनही देते आणि पहिल्या आठ आठवड्यांच्या सहवासातूनही देते.

शिस्त लावण्याच्या पद्धतींचा इतिहास थोडक्यात असा. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणातून जी पद्धत निघाली, तिच्यात गळपट्ट्याला झटका, दटावणी आणि शारीरिक जबरदस्ती यांना मोठे स्थान होते. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये बंदिवासातील लांडग्यांचे जे वर्णन केले, त्यावरून 'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना निघाली आणि ती कुत्र्यांना चिकटवून मालकाने म्होरक्या व्हावे, पिल्लाला उताणे पाडून दाबून धरावे, त्याच्या आधी जेवावे, असे सल्ले रूढ झाले. पुढे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने, ज्याच्या १९७०च्या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली होती त्यानेच, १९९९मध्ये दाखवून दिले की रानातला कळप हे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, आणि 'म्होरक्या' म्हणजे निव्वळ बाप. बंदिवासात कोंबलेल्या परक्या लांडग्यांच्या भांडणांवरून घरातल्या पिल्लाशी कसे वागावे हे ठरवणे ही मुळातच गफलत होती.

दुसरी धारा मानसशास्त्रातून आली. साधक अभिसंधान, म्हणजे ज्या कृतीने फायदा होतो ती वाढते आणि ज्या कृतीने काहीच मिळत नाही ती विझते, हे बी. एफ. स्किनर यांचे तत्त्व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि पुढे डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी प्राणिशिक्षणात आणले. प्रायर यांचे या विषयावरचे गाजलेले पुस्तक १९८४चे आहे. शिक्षेचे दुष्परिणाम नंतरच्या अभ्यासांत अधिक स्पष्ट झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २००९च्या एका सर्वेक्षणात, कुत्र्याला मारण्याचा किंवा लाथ घालण्याचा उपाय करून पाहिलेल्या मालकांपैकी ४३ टक्के मालकांनी कुत्रे उलट अंगावर आल्याचे सांगितले. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिक्षेवर आधारलेल्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे आणि लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित द्रव्य अधिक आढळले. मारल्याने पिल्लू त्या क्षणी थांबते, म्हणूनच तो उपाय टिकून आहे. मात्र पुढे ते हात जवळ आला की दचकते, गुरगुरणे सोडून थेट चावायला शिकते. गुरगुरणे ही धोक्याची सूचना आहे, आणि ती दाबून टाकणारा मालक सूचनेविना चावणारे कुत्रे घडवतो.

आता घरात प्रत्यक्ष काय करावे हे पाहू. पिल्लाचा धुमाकूळ दिवसभर सारखा नसतो. दिवेलागणीच्या सुमारास, घरात माणसे परतलेली, मुलांचा कलकलाट सुरू, स्वयंपाकघरात फोडणीचा वास सुटलेला, अशा वेळी ते एकाएकी अंगणातून आत आणि आतून अंगणात सुसाट फेऱ्या मारू लागते, पाय घसरून भिंतीवर आपटते, टाचांना चावते, परकराला लोंबकळते आणि डोळे तांबारलेले असतात. बघणाऱ्याला वाटते, याची ताकद जिरवली पाहिजे. म्हणून मुले त्याला आणखी पळवतात. पुष्कळदा खरे कारण उलटे असते. लहान पिल्लाला दिवसातून अठरा-वीस तास झोप लागते, आणि माणसांच्या वर्दळीत ती मोडत राहिली की थकलेले पिल्लू किरकिऱ्या तान्ह्या मुलासारखे वागते, फक्त त्याच्या तोंडात २८ सुया असतात. अशा वेळी त्याला अंधाऱ्या, गार कोपऱ्यात, बाज आडवी करून किंवा जाळी लावून केलेल्या आडोशात चघळायला काहीतरी देऊन ठेवले, तर दहा-पंधरा मिनिटांत ते झोपी गेलेले आढळते. तो कोपरा शिक्षेचा नसावा. जेवणही कधीमधी तिथेच द्यावे, म्हणजे ते आपण होऊन तिथे जाऊ लागते.

जागेपणी चावले तर हात झटकू नये, कारण झटकलेला हात पळत्या सावजासारखा दिसतो. हात सैल सोडून थांबवावा, आधीच जवळ ठेवलेली चिंधी किंवा दोरी त्याच्या तोंडासमोर धरावी आणि त्याने ती धरली की खेळ चालू ठेवावा. तरीही ते हातालाच येत असेल, तर न बोलता उठावे आणि दाराआड किंवा जाळीपलीकडे अर्धा मिनिट जावे. खेळगडी निघून जाणे हीच पिल्लाच्या जगातली खरी शिक्षा आहे, आणि ती भावंडांच्या शाळेतून आलेली असल्याने त्याला तत्काळ समजते. अर्ध्या मिनिटाचा अर्धा तास केल्याने परिणाम वाढत नाही. तोवर ते कारण विसरलेले असते. अंगावर उड्या मारणाऱ्याकडे पाठ फिरवावी आणि चारही पाय जमिनीवर टेकताच खाली वाकून गोंजारावे. लहान मुलांना पळून न जाता हाताची घडी घालून उभे राहायला शिकवावे, आणि पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला पिल्लाजवळ मोठ्या माणसाविना सोडूच नये.

या उपायांची परीक्षा पहिल्या आठवड्यातच होते. विलोपन, म्हणजे फळ न मिळाल्याने सवय विझणे, सुरू झाले की आरंभी ती सवय उसळी घेते: आजवर उडी मारली की लक्ष मिळत असे, ते मिळेनासे झाल्यावर पिल्लू आणखी उंच उडी मारते, आणखी जोराने परकर ओढते. याच टप्प्यावर बहुतेक घरे हार खातात आणि 'हे काही खरे नाही' म्हणून पुन्हा चापटीकडे वळतात. दुसरी अडचण एकत्र कुटुंबाची आहे. आई पाठ फिरवते, दादा खेळाच्या भरात हातच तोंडात देतो आणि आजोबा ताटाशेजारी येऊन उडी मारणाऱ्या पिल्लाला गुपचूप भाकरीचा तुकडा टाकतात. अधूनमधून मिळणारे फळ हे नेहमी मिळणाऱ्या फळापेक्षा सवय अधिक चिवट करते हे मानसशास्त्राने केव्हाच दाखवले आहे. घरातल्या पाच माणसांनी एकच साधा नियम पाळला तर त्याचे फळ एका माणसाने पाळलेल्या दहा नियमांहून अधिक मिळते. आजोबांना तुकडा टाकायचाच असेल, तर पिल्लू बसल्यावर टाकावा.

कुरतडण्याच्या बाबतीत शिकवणुकीपेक्षा बंदोबस्त अधिक कामाचा आहे. चप्पल उंचावर, विजेच्या तारा झाकलेल्या आणि मुलांची दप्तरे खुंटीला, एवढे केले तर निम्मी भांडणे मिटतात. शेतीशी संबंध असलेल्या घरांत कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या, प्रक्रिया केलेले सोयाबीनचे बियाणे आणि उंदरांचे विष यांची जागा पिल्लू येण्याआधीच बदलली पाहिजे. चघळायला थंड केलेले गाजर, भिजवून बर्फात ठेवलेली फडक्याची गाठ, रबरी खेळणे हे चालते. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत, कारण ती फुटून अणकुचीदार होतात आणि आतड्याला टोचतात. कांदा-लसणाचा रस्सा, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे कुत्र्याला विषारी ठरू शकते, आणि उरलेले कालवण भाकरीत कुस्करून देण्याच्या आपल्या रिवाजात कांदा हमखास असतो. तोंडात धरलेली वस्तू हिसकावून घेण्याने ती दडवण्याची आणि तिच्यावर गुरगुरण्याची सवय लागते. त्याऐवजी नाकासमोर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा धरून 'सोड' म्हणावे, सोडताच तुकडा द्यावा आणि वस्तू धोक्याची नसेल तर तीही परत द्यावी, म्हणजे सोडण्यात तोटा नाही हे त्याला पटते.

ऊर्जेला वाट देण्याचा प्रश्न मराठवाड्याच्या हवेशी बांधलेला आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे राहतो आणि दुपारची डांबरी सडक पंजे भाजून काढते, म्हणून फिरणे सूर्योदयापूर्वी किंवा रात्री उशिरा असावे. चपट्या नाकाच्या पगला आणि दाट केसांच्या हस्कीला तर येथला उन्हाळा जिवावर बेततो. अशी जात लातुरात आणून तिला दिवसभर बंद खोलीत ठेवायचे आणि मग ती सोफा फाडते म्हणून बोंब मारायची, हे न्यायाला धरून नाही. वाढत्या हाडांच्या टोकांना असणारे कूर्चेचे पट्टे वर्षभर तरी पक्के होत नसल्याने लहान पिल्लाला मोटारसायकलमागे पळवणे घातक आहे. पळण्याइतकेच हुंगण्यानेही पिल्लू दमते: कडब्याच्या पेंढीत किंवा उपड्या टोपल्यांखाली भाकरीचे तुकडे लपवून त्याला नाकाने शोधू द्यावे, पाव तासाच्या या उद्योगानंतर ते स्वस्थ बसते. पाणीटंचाईच्या दिवसांत, जेव्हा अंगण धुणेही चैन वाटते, तेव्हा हा खेळ विशेष सोयीचा.

साखळीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. दारात खिळ्याला दोन हात साखळीने बांधलेले कुत्रे हे नांदेड-लातूर या दोन्ही शहरांतले सवयीचे दृश्य आहे. बांधल्याने चप्पल वाचते, पण ऊर्जा जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाहून झेपावणे आणि साखळीने मागे खेचले जाणे यातून पिल्लू माणसांबद्दल चिडीला येते, आणि राखणीसाठी हेच हवे असे समजणाऱ्यांना पुढे पोस्टमनची आणि शेजाऱ्याच्या मुलाची भरपाई करावी लागते. १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये अवाजवी आखूड साखळी आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत मोडतात. हे कलम घराघरांत माहीत असते तर अनेक तक्रारी उद्भवल्याच नसत्या.

जातीविषयीच्या चर्चेला फार जागा देण्याचे कारण नाही. केंद्राने १२ मार्च २०२४ रोजी २३ 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केले. शास्त्राच्या बाजूने पाहता, 'सायन्स' या नियतकालिकात २०२२मध्ये आलेल्या, १८,०००हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि त्यांतील दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासणाऱ्या अभ्यासाला, वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने समजावता आले. जात पाहून खेळ आणि व्यायाम ठरवावा, चारित्र्य ठरवू नये.

वयाच्या चावण्याहून वेगळे चावणे ओळखता आले पाहिजे. खेळातल्या पिल्लाचे अंग सैल असते, पुढचे पाय वाकवून ते कुल्ले वर करते, शेपटी मोकळी हलते. खाण्याच्या भांड्याजवळ कोणी आले की ताठरणारे, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवून कडेने पाहणारे, हात लावताच गुरगुरून चावणारे किंवा एरवी शांत असून एकाएकी चावू लागलेले पिल्लू खेळत नसते. त्याला वेदना, भीती किंवा राखणवृत्ती असू शकते. अशा वेळी प्रशिक्षकाआधी पशुवैद्यक गाठावा. उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने लातूरकरांना दूर जावे लागत नाही. पोटातल्या जंतांपासून कानाच्या गळूपर्यंत अनेक दुखणी 'वाईट स्वभाव' म्हणून वर्षानुवर्षे खपतात.

शेवटी चाव्याच्या जखमेचा प्रश्न उरतो, आणि त्यात घरच्या पिल्लाला सूट नाही. 'आपलेच आहे, लहान आहे, खेळताना लागले' असे म्हणून ओरखडे सोडून दिले जातात. पण रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिली जाते, आणि त्याआधी भटक्या कुत्र्याने त्याला चावा घेतला असेल तर ते घरात आणणाऱ्यालाही माहीत नसते. पार्व्हो व डिस्टेंपरच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. तोवर पिल्लाला बाजारात जमिनीवर सोडू नये, पण काखेत घेऊन माणसे, वाहने, बँड आणि फटाक्यांचे दुरून येणारे आवाज यांची ओळख जरूर करून द्यावी, नाहीतर सामाजिकीकरणाचा काळ चार भिंतींत निघून जातो. माणसाला दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद भरू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्त न येता उमटलेल्या ओरखड्यालाही लस लागते, आणि कातडी फाटून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ज्या घरात पिल्लाला चापटा बसतात त्या घरातले मूल आपल्यामुळे पिल्लाला मार बसेल म्हणून चावा लपवते, ही गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. नांदेडच्या विष्णुपुरीतील आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही लस मिळते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लशीच्या मात्रा ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असतात, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की खात्रीचा उपचार नाही.